वरचीच्या आईचा आवाज

वरचीला कुनी वाट सांगितली का ती पयलं विचारायची, "कुठं उभं राहून?"

ती पयल्यांदा आली तवा चौक गावच्या नाक्यावर टेंपोवाल्यानं तिला सांगितलं, सरळ जा, डाव्या हाताला देऊळ लागंल, त्याच्या मागं म्हातारीचं घर. आता येवढं कुनालापन कळतं. तर ही त्याला म्हनली, "डावा हात म्हणजे तोंड कुठं करून? डोंगराकडं का रस्त्याकडं?" टेंपोवाला आमच्याच गावातला. मागनं मला म्हनतो, "आजी, नवी भाडेकरीन आनलीस, तिचं डोकं ठिकानावर हाय ना गं?" मी म्हनलं, "तुज्यापेक्षा बरं हाय. तू माज्या घराला देवळाच्या मागं म्हनतोस, मी देवळाला माज्या घराच्या पुढं म्हनते."

नाव व्हतं तिला, चांगलं व्हतं. पन ती ऱ्हायची वरच्या खोलीत, आन् जिन्याखालनं हाक मारायला मला वरचीच बरं पडायचं. ती खोली माज्या पोरानं बांधली, पत्र्याची, जिना भायेरनं. तो वापीला असतो कंपनीत. म्हनला, आये, येकटी असतीस, भाडेकरू ठेव, सोबत व्हईल. तो स्वता गौरी-गनपतीला येतो, दोन दिस ऱ्हातो, जातो.

माजं काय सांगायसारखं नाय. दुसरीतनं शाळा सुटली. मालक माथेरानला हाटेलात कामाला व्हते, वर गाडी जात नाय तर समदं सामान डोक्यावर. छातीच्या दुखन्यानं गेले, पोरगा तवा मांडीवर व्हता. मंग मी दुसऱ्यांच्या शेतावर लावनी केली, कापनी केली, रसायनीला कंपनीत झाडू मारला. लादी पुसायच्या त्या औषधाच्या पान्यानं हात अजून सोलतात. पोरगा शिकला, गेला. झालं.

वरची चाळिशीची असंल. बारीक, डोळ्याला चश्मा, केस कायम वर बांधलेलं, त्यात येक पेन खुपसलेलं. दिवसभर कॉम्प्युटर. मी येकदा विचारलं, तू करतीस काय गं नक्की? म्हनली, "लोक प्रोग्राम लिहितात. तो त्यांच्याकडं चालतो. मी तो असा बांधून देते की दुसऱ्याकडंही चालेल." मी म्हनलं, त्याच्याकडं चालतो तर दुसऱ्याकडं का नाय चालनार? तर हसली. म्हनली, "मावशी, हाच प्रश्न मला लोक पगार देऊन विचारतात."

"माझ्याकडं चालतं, याला काही अर्थ नाही." हे तिचं ठरलेलं बोलनं. फोनवर कुनाला तरी रोज सांगायची. "तुमच्याकडं चालतं, कारण तुमच्याकडं सगळं आहे. ज्याच्याकडं काही नाही, त्याच्याकडं चालवून दाखवा."

बाजाराला निघाले का जिन्यावरनं माजी झडती. "पिशवी घेतली? चश्मा? गोळी? फोनला चार्जिंग आहे?" मी म्हनायचे, "कर्जतला चालले गं, काशीला नाय. तितं समदं भेटतं." "तिथं मिळेल असं धरून चालू नका मावशी. तिथं नसतं." आन् येकदा खरंच गोळी इसारले, आन् टमटम बंद पडली, आन् भर उन्हात चक्कर येऊन बसले. घरी आल्यावर तिला काय सांगितलं नाय. सांगितलं असतं तर महिनाभर तेच आयकायला लागलं असतं.

तिच्याकडं कुनी येत नव्हतं. ती कुनाकडं जात नव्हती. मी खाली, ती वर. दोघींच्या भांड्यांचा आवाज येकमेकींना यायचा, तेवढीच वळख. मी काय विचारलं नाय. ज्याला सांगायचं असतं तो सांगतो.

मंग येक दिवस सकाळच्या पारी मी भांडी घासत व्हते, आन् वरनं आवाज आला, "पाणी दे गं." म्हाताऱ्या बाईचा आवाज. घसा बसल्यासारखा, पन मायेचा. मला वाटलं हिच्याकडं कुनी आलं रातच्याला, आन् ही न्हानीत असंल, त्या म्हातारीला पानी कोन देनार. तांब्या भरला, गुडघं धरत जिना चढले. बघते तर वरची येकटीच. खुर्चीवर. आन् कॉम्प्युटर पुन्यांदा म्हनला, "पाणी दे गं."

मी तांब्या घेऊन दारात हुबी. ती माज्याकडं बघते, मी तिच्याकडं. मंग तिनं उठून तांब्या घेतला आन् समदं पानी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. म्हनली, "आई आहे माझी."

त्या दिवशी तिनं सांगितलं. ती जालन्याकडची. घरात साटंलोटं झालेलं. म्हंजे हिला ज्या घरी दिली, त्याच घरातली पोरगी हिच्या भावाला केली. हिचा नवरा हा वहिनीचा सख्खा भाऊ. नवरा हात उचलायचा. हिनं बरंच सोसलं आन् येक दिवस निघून आली. ही सुटली, पन वहिनी तिकडं दोन घरांच्या मधी आडकली. भाऊ म्हनला, तू माज्या बायकोचं माहेर मोडलंस, माज्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. आन् आई भावाकडं.

त्या आईला कसला तरी शिरांचा आजार. आदी जीभ जड झाली, मंग बोलनं जायला लागलं, हातपन जानार व्हते हळूहळू. डाक्टर म्हनला, औषध नाय याला. तर बोलनं पुरतं जायच्या आदी वहिनीनं आईचं बोलनं फोनमधी भरून घेतलं, सैपाकघरात बसून, मागं कुकरच्या शिट्ट्या, आन् नवऱ्याला न सांगता हिला धाडलं. त्याच्यातनं ही आईचा आवाज करत व्हती. पडद्यावर आईनं बोटानं शबुद दाबायचा, आन् मशीननं आईच्या आवाजात बोलायचं.

"वहिनीनं धाडलं?" मी म्हनलं. "तिच्या भावाला सोडून आलीस तू."

"म्हणूनच असेल," म्हनली. "त्याचा हात तिला लहानपणापासून ठाऊक आहे."

आता कसं, ते चालायचं भावाच्या घरातल्या कॉम्प्युटरात. ही तितं जाऊ शकत नाय. बसून नीट करून देऊ शकत नाय. हितनं जे बांधून धाडील ते तितं जाऊन आपलं आपन चालायला पायजे. आन् आईचं बोट हालतंय तवर चालायला पायजे. येवढीच गोष्ट व्हती, पन तिच्या तोंडावरचं रगत गेलेलं असायचं.

पयल्यांदा धाडलं, ते चाललंच नाय. वहिनीनं फोन केला, "ताई, काळी खिडकी येतीया अन् जातीया. काय बी बोलंना." ही हितं दाबती, तर हितं बोलतंय.

दोन दिवसांनी मी चहा घेऊन गेले तर म्हनली, "सापडलं. मावशी, प्रोग्राम माझा, पायथन नावाच्या भाषेत लिहिलेला. पण आवाज काढायचं काम तो स्वतः करत नाही. त्याला एक लायब्ररी लागते, दुसऱ्या कुणी बनवलेली, मशीनच्या भाषेतली. ती त्याच्या पोटात नसते, कॉम्प्युटरमध्ये बाहेर कुठंतरी असते. त्याला फक्त तिचा पत्ता माहीत असतो. मी सगळं बांधून पाठवलं, अन् पत्ता राहिला माझ्या कॉम्प्युटरचा. तो तिकडं जाऊन माझं घर शोधतोय."

हे मला कळलं. मी लग्न होऊन हितं आले, तवा पयल्या सकाळी घागर घेऊन निघाले, तर पाय माहेरच्या इहिरीकडं वळले. मागच्या दारानं भायेर, चिंचेखालनं उजवीकडं. हितं चिंच नव्हती आन् इहीरपन नव्हती. गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकले. सासू बघत व्हती. म्हनली, पोरीला दिसत नाय का काय.

मी हे वरचीला सांगितलं. ती हसली नाय. म्हनली, "बरोबर. तेच."

"मंग आता?"

"आता लायब्ररी गाठोड्यातच टाकते. आणि पत्ता असा लिहिते, की तू जिथं उभा असशील तिथंच बाजूला बघ. मग कुणाच्याही घरी जाऊदे."

"हे पयलंच का नाय केलंस?"

"कारण माझ्याकडं चालत होतं," म्हनली. आन् सोताच्याच कपाळावर हात मारला.

तिच्याकडं येक जुना लॅपटॉप व्हता. तो तिनं समदा पुसून कोरा केला आन् माज्या घरात, फळीवर आनून ठेवला. म्हनली, वर ठेवला तर मी त्यात काहीतरी टाकीन, मला खोड आहे. खाली राहूदे. "आणि दाबायचं तुम्ही. ज्याला यातलं काही माहीत नाही असंच माणूस हवं. आई तशीच आहे."

"म्हंजे अडानी पायजे."

"असं नाही म्हटलं मी."

"म्हन की. काय खोटं हाय त्यात."

मंग माजं काम सुरू झालं. ती वरनं काय तरी धाडायची, जिन्यावरनं हाक, "मावशी, दाबा." मी पदराला हात पुसायचे आन् दाबायचे. "काळी खिडकी आली गं." "काय लिहिलंय?" "विंग्रजी हाय, मला काय इचारतीस." धाडधाड जिना उतरून यायची, बघायची, वर जायची. मी भाकऱ्या करायचे. पुन्यांदा, "मावशी, दाबा." गौरी-गनपती झालं, भात पोटरीला आला, आमचं हेच.

आन् येका दुपारी मी दाबलं, आन् माज्या घरात, माज्या फळीवरनं, ती बाई बोलली, "पाणी दे गं." खरं सांगते, माज्या त्या घरात कुनी मानसानं माज्याकडं पानी मागून लय दिस झालं व्हतं. वरची जिन्यात बसली व्हती, दोनी हात तोंडावर. मी म्हनलं, "बोलली गं तुजी आई." आन् मी पुन्यांदा दाबलं. मंग पुन्यांदा.

तिनं ते जालन्याला धाडलं. वहिनीनं सांगितलं, तुमचा दादा दुकानात गेला का लावते. फोन आला तो वरचीनं मोठ्या आवाजावर ठेवला, मला आयकू यावं म्हनून. वहिनी म्हनली, "ताई, परत तेच. काळी खिडकी." मागं कसला तरी आवाज. वहिनी सासूला आत्या म्हनायची. म्हनली, "आत्या बोट तसंच धरून बसल्यात. त्यांना वाटतंय त्यांचंच चुकलं."

वरचीनं फोन ठेवला. भिंतीकडं बघत बसली. मंग म्हनली, "खाली चाललं. तुमच्या समोर चाललं. कोरं मशीन. का चाललं?" जसं काय चालनं हाच गुन्हा. मंग माज्याकडं वळली, "मावशी, त्यात कुणी काही टाकलं का?"

"पोरानं टाकलं की. गनपतीला आला तवा. पत्त्यांचा खेळ. म्हनला, येकटी बसतीस सांजच्याला, खेळत जा."

तिनं डोळं मिटलं. मला वाटलं आता रागावती. तर ती हसायला लागली, हसता हसता चश्मा काढून डोळं पुसायला लागली. म्हनली, "त्या खेळाबरोबर आली." माज्या ध्यानात काय येईना. मंग तिनं समजावलं. आवाजाच्या त्या लायब्ररीला सोताला आनखी येक लायब्ररी लागती. ती हिनं गाठोड्यात टाकलीच नव्हती, हिला ठावूकच नव्हती, कारन हिच्या कॉम्प्युटरात ती कदीपासून बसलेली. आन् खालच्यात ती पत्त्यांच्या खेळानं आपल्यासंगं आनून ठेवली. म्हनून खाली चाललं. जालन्याला कुनी पत्ते खेळत नव्हतं.

"पुसायला लागेल सगळं," ती म्हनली. "खेळपण जाईल."

मला तो खेळ आवडायला लागला व्हता. रानी कुठं दडली ते शोधत बसायचं. पोरगा जाताना तेवढं येक हातात देऊन गेला व्हता. म्हनलं, "पूस."

"नंतर परत टाकून देते."

"नको. परत कोरं बिघडंल. पूस."

तिनं पुसलं. ती दुसरी लायब्ररीपन गाठोड्यात टाकली. मी दाबलं, काळी खिडकी. येक तिसरी निगाली, त्या दुसरीची. ती टाकली. मी दाबलं. आवाज आला. पन या वक्ताला ती म्हनली, "खात्री नाही." म्हनून सांजच्याला ती टमटम करून खालापूरला गेली. तितं येका झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर, तिनं कदी बघितलेला नाय. त्याला म्हनली, तुमच्या मशीनवर माझी आई बोलते का बघू. तो बिचारा घाबरला. पन बोलली. झेरॉक्सच्या दुकानात, गिऱ्हाईकं हुबी, आन् हिची आई पानी मागते. येकानं म्हनं खरंच बाटली पुढं केली.

दुसऱ्या दिवशी जालन्याला लावलं. त्या दिवशी भाऊ घरीच व्हता, वहिनीला ते ठावूक व्हतं. म्हनली, ऱ्हाऊदे, किती दिस लपवू. फोन चालू ठेवून दिला. आमी दोघी हितं वरच्या खोलीत, फोन खाटेवर. तिकडनं भावाचा आवाज, "हे काय लावलंय?" वहिनी म्हनली, "आत्या बोलणार हायत." "कोण बोलणार?"

मंग लय वेळ काय नाय. नुसता पंख्याचा आवाज. आमाला वाटलं गेलं, पुन्यांदा काळी खिडकी. वरचीनं माजा हात धरला, लय जोरात. तिला कळलंपन नाय.

आन् ती बाई बोलली. पानी नाय मागितलं. म्हनली, "तिला बोलाव."

मंग भाऊ म्हनला, "आई, तुला कळतंय का काय म्हणतेस?" पुन्यांदा पंख्याचा आवाज. पुन्यांदा, "तिला बोलाव." तो म्हनला, "हे तिनंच भरून पाठवलंय त्यात." वहिनी म्हनली, "बोट कुणाचं हाय बघा." पुन्यांदा, "तिला बोलाव." आपल्यासारखं मानूस तीनदा बोललं तर आवाज चढतो, नायतर रडं येतं. त्या आवाजाला काय झालं नाय. पयल्यांदा जशी बोलली तशीच. कुकरच्या शिट्ट्यांमधनं उचललेला आवाज तो, त्याच्यात राग भरलेलाच नव्हता. भावानं मंग खुर्ची ओढल्याचं आयकू आलं. लय वेळानं फोनजवळ येऊन म्हनला, "ये."

येवढंच. वरचीनं फोन ठेवला आन् खाटेखालची पेटी वढून भरायला घेतली.

ती गेली. खोली झाडून, पुसून दिली. सामान टेंपोत चढवलं. टेंपोवाला तोच. तिला म्हनला, "ताई, आता डावा हात कुठला, उजवा कुठला, समदं कळलं ना?" ती म्हनली, "कळलं. मावशीच्या घराकडं तोंड करून." माज्या पाया पडली. मी म्हनलं, "पिशवी घेतली? चश्मा? गोळी?" गोळी ती घेत नव्हती कसली, तरी म्हनली, घेतली.

मंग खोलीत रसायनीच्या कंपनीतली दोन मानसं आली. चांगली हायत. कामावर जातात, येऊन झोपतात.

वरचीचा फोन यायचा आठवड्याला. आन् आईला पुढं बसवायची. ती बाई माज्याशी बोलायची. मी काय तरी सांगायचे, मंग थांबायचं, लय थांबायचं, मंग तिचा येक शबुद यायचा. "भात कापला?" कापला म्हनायचे. "गुडघे?" तसंच हायत म्हनायचे. आमी कदी येकमेकींना बघितलं नाय. पन तिचा आवाज माज्या घरात इतक्यांदा बोलून गेलेला, मला काय परकी वाटली नाय. येकदा म्हनली, "एकटी?" मी म्हनलं, "व्हय." मंग थांबायचं, थांबायचं. मंग आलं, "मी पण." तिच्या घरात चार मानसं व्हती, आन् वरचीनं ते आयकलं असनारच.

मंग बोट जायला लागलं. शबुद कमी झाले. थांबायचं लांबत गेलं. मी फोन कानाला धरून आपली भाकरी शेकायचे.

गेल्या थंडीत वरचीचा फोन आला, सकाळी. मला कळलं, कारन आईला पुढं बसवलं नाय. म्हनली, "मावशी, आई गेली." मी म्हनलं, "सुटली." मंग ती म्हनली, "आवाज आहे अजून त्यात. दादा पुसू देत नाही. तुम्हाला ऐकायचाय का?"

"दाबनार कोन?"

ती मंग म्हनली, "मी."

"मंग तू तुज्याच आवाजात बोल गं," मी म्हनलं. "मी हाय हितंच."

तर ती बोलायला लागली. आई शेवटचं काय जेवली, वहिनीनं कसं भरवलं, भाऊ कसा खाटेला टेकून बसला व्हता, ते समदं. लय वेळ बोलली. मी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला आन् खाली बसून आयकत ऱ्हायले.